ईथरखालचं बोलणं

३ जून १९५७, सोमवार

नवी डॉक्टरीण आली. नाव कमलाक्षी. वय सत्तावीस-अठ्ठावीस, चष्मा, हातात घड्याळ आणि दुसरं काहीही नाही. मद्रासहून भूल देण्याचं खास शिक्षण घेऊन आली आहे म्हणे. आजवर आमच्या इस्पितळात जो डॉक्टर मोकळा सापडेल तो ईथर द्यायचा, आणि रोग्याचा हात धरायला मी! अठरा वर्षं हात धरते आहे. "काही होत नाही हो, डोळे मिटा" — एवढं म्हटलं की माझं काम झालं.

या बाईंचं निराळंच. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रोग्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या. तिरुवैयारूचे तविल ढोल वाजवणारे पिळ्ळै, उद्या त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन. त्यांना सगळं सांगून टाकलं! तोंडावर जाळी ठेवू, तिच्यावर औषधाचे थेंब टाकू, वास उग्र असतो, चार-पाच श्वास कोंडल्यासारखं वाटेल, जाळी ढकलू नका, मग झोप लागेल. उठल्यावर टाके ओढतील, मळमळेल, दुखलं की इंजेक्शन मागायचं, लाजायचं नाही. मी मनात म्हटलं — संपलं! हा माणूस उजाडायच्या आत पळून जाणार.

पिळ्ळैंनी एवढंच विचारलं, "उठताना हात आधी जागे होतात की डोळे?"

बाई हसल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या, "कान. झोपतातही तेच सगळ्यांच्या शेवटी."

४ जून

पिळ्ळै पळाले नाहीत. नेहमीपेक्षा कमी ईथरात झोपले. धडपड नाही, दोघांना पाय दाबून धरावे लागले नाहीत. दुपारी मॉर्फियाचं एकच इंजेक्शन. बाई म्हणाल्या, "भीती गेली की दुखणं अर्धं होतं, सिस्टर. दोघं एकाच ताटात जेवतात."

हेवा वाटला. खरं ते लिहायला काय हरकत! अठरा वर्षांत हे मला का नाही सुचलं?

९ जून, रविवार

आज सुट्टी. माझे थोरले भाऊ अण्णा गेल्यापासून रविवारी दुपारी घरातली सगळी मागच्या ओसरीवर बसतो — वैनी, त्यांचा प्राणेश, त्याची बायको राजम आणि मी. वैनी चवळीच्या शेंगा सोलत होत्या. मला इस्पितळातल्या गोष्टी सांगायला लावतात, आणि मीही काय, आयती तयारच!

ओरत्तनाडूचे तहसीलदार सांगितले. ईथरचे दहा थेंब पडले न पडले तोच रडायला लागले. मुरुक्कूचा डबा कचेरीत, जमिनीच्या दप्तरांमागे लपवून ठेवलेला! "तुझी शपथ गे, चारच खाल्ले!" म्हणून बायकोची विनवणी चाललेली, आणि पोट फाडायला डॉक्टर नटराजन सुरी घेऊन उभे. प्राणेशच्या नाकात कॉफी गेली.

मग मला रंग चढला आणि ती दुसरी सांगितली. पापनाशमची बाई. नवरा दाराबाहेर उभा, आणि ही आत ईथरखाली भलत्याच पुरुषाला हाका मारतेय. नाव घेऊन! नाव मी सांगितलं नाही. पण तो काय काम करतो ते सांगितलं, आणि पापनाशमात ते काम करणारा एकच आहे. राजम पदर तोंडाला लावून लावून हसली.

वैनी हसल्या नाहीत. शेंग हातात तशीच. "ईथर दिलं की सगळीच बोलतात कां गे भागू?"

"सगळीच!" मी म्हटलं. "पोटातलं ओठावर आलंच पाहिजे. भलेभले सुटले नाहीत."

खरं म्हणजे दहांतला एखादा बोलतो, आणि त्यातलंही निम्मं कळत नाही. पण तसं सांगितलं तर गोष्टीला रंग कसा यायचा?

२९ जून

फ्लूनं वॉर्ड भरले. व्हरांड्यातही चटया टाकल्या आहेत. घरी फक्त निजायला येते.

१७ ऑगस्ट

वैनी आताशा शुक्रवारी मला पाठीला तेल लावू देत नाहीत. "मी काय लंगडी-पांगळी झाले कां?" म्हणाल्या. बरं बाई!

११ ऑक्टोबर, शुक्रवार

अक्षर वाकडं येतं आहे.

सकाळी न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. वैनी आत आहेत हे ठाऊक नव्हतं, शिकेकाईचं भांडं घ्यायला गेले. त्या पाठमोऱ्या होत्या, मग वळल्या. हातापायांच्या काड्या, गळ्याची हाडं वर आलेली, आणि पोट! सातव्या महिन्याच्या बाईचं असावं तसं. बासष्ट वर्षांच्या बाईचं!

त्यांनी ओलं लुगडं ओढून घेतलं. "वायू अहे. ओव्याचं पाणी घेते मी."

"कधीपासून?"

"जा तू. ड्युटीला उशीर होतोय."

मी नर्स. एका घरात राहते. रोज शंभर पोटं दाबून बघते, आणि माझ्या घरातलं एक पोट मला दिसलं नाही. चोळ्या सैल करून घेतल्या होत्या त्यांनी. राजमला सांगितलं होतं, "भागूला सांगशील तर माझं मेलं तोंड बघशील." ती वेडी घाबरून गप्प बसली.

१४ ऑक्टोबर

ओढूनच नेलं. डॉक्टर नटराजननी तपासलं. मला बाजूला घेतलं. गोळा आहे, गर्भाशयाच्या बाजूला, मोठा आहे. "चार-पाच महिन्यांपूर्वी आणायचं होतं, सिस्टर. आता उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही. पण उघडायला हवं, आणि लवकर."

वैनींना तिथंच, टेबलावर पडल्या पडल्याच सांगितलं. त्यांनी उठून पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मज नक्को."

प्राणेश रडला. एवढा बाप्या, आईचे पाय धरून रडला. नक्को. मी रागावले, मी समजावलं, मी अण्णांची आठवण काढली. नक्कोच! "दुखण्याला भीत नाही मी," म्हणतात. खरंच भीत नाहीत. तीन बाळंतपणं तोंडातून शब्द न काढता काढलेली बाई. मग कशाला भितात?

१६ ऑक्टोबर

कमलाक्षीबाई संध्याकाळी आपणहून घरी आल्या. इस्पितळातल्यासारखंच — पुढच्या ओट्यावर वैनींशेजारी बसल्या आणि बोलल्या. वैनींनी कॉफी दिली, लोणच्याची फोड चाखायला दिली, लग्न कां नाही केलंस विचारलं. ऑपरेशनचा विषय निघाला की नजर रस्त्यावर.

जाताना बाई मला म्हणाल्या, "त्यांना मरणाची भीती नाही आणि दुखण्याचीही नाही. दुसरंच काही आहे. मला सांगणार नाहीत, तमिळमध्ये सांगण्यासारखं ते नसावं, तुमच्या मराठीतलं असावं. तुम्ही विचारा."

मी काय विचारू? या बाईचं मी काय काय देणं लागते ते मलाच ठाऊक. अकराव्या वर्षी नवरा गेला, माझं सगळं संपलं, माहेरी परत आले. अण्णा म्हणत होते, घरात राहील, जप करील. वैनी त्यांच्याशी भांडल्या. महिनाभर भांडल्या! मला शाळेत घातलं, मग मद्रासला नर्सिंगला पाठवलं. गल्ली थुंकली, नातेवाइकांनी पाणी तोडलं, वैनी ढिम्म. आई गेली तेव्हा मी तिकडेच होते, शेवटच्या वर्षाला. आईचं सगळं वैनींनी केलं. सुखात गेली आई. संध्याकाळी कॉफी घेतली, जरा पडते म्हणाली, उठलीच नाही. वॉर्डात कुणाचं माणूस जायला टेकलं की त्याच्या लेकीसुनांना मी हेच सांगते, असंही मरण असतं म्हणून. त्यांना बरं वाटतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

विचारलं. आज त्यांनी पाठीला तेल लावू दिलं. पाठ माझ्याकडे होती म्हणूनच बहुधा बोलल्या.

"तिथं आत कोण कोण असतं गे?"

डॉक्टर नटराजन, कमलाक्षीबाई, एक नर्स, आया. आणि मी.

"त्यांच्यात मराठी कुणाला कळतं?"

"कुणालाच नाही."

"तुला कळतं."

मी तेल लावत होते ती थांबले.

"पोटातलं ओठावर येतं म्हणलीस नव्हे तू? सगळ्यांचंच येतं म्हणलीस. माझ्या पोटात एक अहे. मी ते चितेवर नेणार. कुणालाही सांगायचं नाही. आणि तुला तर नाहीच नाही."

अरे देवा!

चार महिने! नऊ जूनला मी ती गोष्ट सांगितली आणि त्याच दिवशी या बाईनं ठरवलं, पोट वाढो, काही होवो, ईथरखाली जायचं नाही. मी हसवायला गेले. पापनाशमच्या त्या बिचारीची अब्रू ओसरीवर मांडली, टाळ्या घेतल्या, आणि वैनींना दिसलं, ही अशीच माझीही मांडेल. जीभ उपटून टाकावी असं वाटलं. तोंडानं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "जीभ कशाला? तुझं कामच अहे ते. मला फक्त तू तिथं नक्को."

मी म्हटलं, तुम्ही काय बोलाल ते मी ऐकणार नाही. ऐकलंच तर सांगणार नाही. तुम्हालाही नाही. देवापुढच्या समईवर हात ठेवून शपथ घेतली. त्यांनी जरा विचार केला. "आणि त्या तुझ्या वहीत लिहायचं नाही." या घरात बाळबोध लिपी वाचणारी मी एकटी, बाकीची तमिळच वाचतात, तरी तेही कबूल केलं.

एवढं करून उत्तर तेच. नक्को.

काय असेल त्यांच्या पोटात? कुणी पुरुष? वैनी? छे! पण मग? विचार करायचा नाही. शपथेत विचारही आलाच.

२१ ऑक्टोबर

कमलाक्षीबाईंना सगळं सांगितलं. माझं ओसरीवरचं पुराणही सांगितलं, मान खाली घालून. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पुन्हा कधीही नाही, सिस्टर." पुन्हा कधीही नाही.

मग उपाय सांगितला. हाताच्या शिरेत द्यायचं एक औषध आहे, पेंटोथाल. मद्रासहून येताना चार कुप्या बरोबर आणल्या होत्या, दोन उरल्यात. सुई गेली की दहा म्हणेपर्यंत झोप. बडबडीला वेळच मिळत नाही! खोल झोपल्यावर मग ईथर.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी वैनींना कुपी दाखवली. वैनींनी ती उजेडात धरून पाहिली. "ह्यानं एक अक्षर निघत नाही?"

"नाही, अम्मा."

"मग भागू असली तरी चालेल." आणि माझ्याकडे न बघता, "हात धरायला होणा कुणीतरी."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. राजमला वाटलं भीतीनं रडते. आनंदानं रडत होते मी.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

वैनी जिवंत आहेत. आधी तेवढं लिहिते.

सकाळी आठला नेलं. मॉर्फिया आधीच दिला होता, शांत होत्या. मला म्हणाल्या, "टोपी घातलीस की वाण्याच्या बायकोसारखी दिसतेस." मी हात धरला. कमलाक्षीबाईंनी पट्टा बांधला, शीर शोधली. सुई गेली आणि शीर फुटली. दुसरी. तीही फुटली. चार महिने अन्न नाही पोटात, शिरा सुतासारख्या! उजवा हात. मग पाऊल. बाईंच्या कपाळावर घाम. पंधरा मिनिटं. डॉक्टर नटराजन हात धुऊन उभे.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "ईथर, सिस्टर."

वैनींना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. हा शब्द मात्र त्यांना माझ्यामुळे चांगला ठाऊक. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आयुष्यात विसरणार नाही. "बाहेर जा भागू."

मी निघाले. पण हात सुटेना! त्यांनीच घट्ट धरलेला. तोंडानं जा म्हणत होत्या आणि हातानं ओढत होत्या. मी थांबले. चुकले की काय ते माहीत नाही. घाबरलेल्या माणसाचा हात मी कधी सोडलेला नाही.

जाळी ठेवली. बाईंनी मोजायला सांगितलं. सातापर्यंत मोजलं आणि झोपल्या.

काही बोलल्या नाहीत.

डॉक्टर नटराजननी पोट उघडलं, आत पाहिलं, आम्हा दोघींना दाखवलं आणि पुन्हा शिवलं. बावीस मिनिटं. सगळीकडे पसरलं आहे. काढण्यासारखं काही नाही.

२६ ऑक्टोबर

आज नीट शुद्ध आहे. पहिला प्रश्न — गोळ्याचा नाही, टाक्यांचा नाही. मला जवळ बोलावलं, आया जाईपर्यंत थांबल्या. "काय बोलले मी?"

"काही नाही."

"खरं सांग."

"सात म्हणालात आणि घोरायला लागलात."

"तुझ्या आईची शपथ?"

"आईची शपथ."

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही बाजूंनी पाणी ओघळलं. मग म्हणाल्या, "रसम-भात होणा." अडीच घास खाल्ले. दुपारी इंजेक्शन लागलं नाही. कमलाक्षीबाई तक्ता बघून थक्क. "पोट उघडलेला रोगी इतका शांत मी पाहिला नाही. यांची भीती पार गेली आहे, सिस्टर. ती परत येऊ देऊ नका." मी म्हटलं, नाही येऊ देणार.

गोळा काढला असंही सांगितलं. खोट्यावर खोटं. त्यांनी विचारलं, "केवढा होता?" मी म्हटलं, नारळाएवढा.

३० ऑक्टोबर

लिहावंसं वाटत नाही.

९ नोव्हेंबर

घरी आणलं. कमलाक्षीबाईंनी पेथिडीनच्या इंजेक्शनच्या वेळा लिहून दिल्या. "दुखणं उठल्यावर देऊ नका. उठायच्या आधी द्या. एकदा उठलं की ते आधीच्या सगळ्या दुखण्यांना हाक मारतं." सकाळी सात, दुपारी तीन, रात्री दहा. मी दुपारची ड्युटी बदलून घेतली.

वैनी ओट्यावरच्या बाजेवर पडून रस्ता बघतात. येणारी-जाणारी विचारतात, बरं अहे कां? "भागूच्या हातात अहे मी. मला काय होणार?"

१९ नोव्हेंबर

प्राणेश विचारत होता, आईला कळलंय का? मी म्हटलं, त्यांना जे कळायला नको ते कळलेलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्यावर उगीच ओरडले. त्यानं काय केलंय बिचाऱ्यानं!

२ डिसेंबर, सोमवार

इंजेक्शनला आज अर्धा तास उशीर झाला. झाला नाही. केला.

तीनला घरी आले होते. पाय धुतले, सिरिंज उकळायला ठेवली, आणि मागं विहिरीपाशी जाऊन कढीपत्ता खुडत बसले. स्वयंपाकाला नको होता. आतून कण्हणं ऐकू येत होतं. वाढत गेलं तेही ऐकलं. वैनी कण्हतात म्हणजे केवढं दुखत असेल! आणि मी एक-एक पान वेगळं करून ताटलीत ठेवत होते. का, ते लिहिणार नाही. शपथ आहे.

साडेतीनला आत गेले. लुगडं घामानं भिजलेलं, खालचा ओठ दातात. सुई दिली. श्वास जागेवर आला तशा म्हणाल्या, "दमलीस कां गे आज?"

मी नर्स म्हणवते. मी माणूसही नाही.

३ डिसेंबर

तीनला पाच कमी असतानाच दिलं. पुढं कधी चुकणार नाही.

१५ डिसेंबर

कमलाक्षीबाई येतात, दर दोन दिवसांनी. वैनी त्यांना मराठी शिकवतात! "दुखतंय" आणि "बरं वाटतंय" एवढं त्यांना आलं. आज मला जरा बाजूला घेऊन काही विचारत होत्या, त्या दिवशीच्या ऑपरेशनबद्दल. मी डोकं दुखतंय म्हणून आत गेले.

२८ डिसेंबर

मात्रा वाढवली. पाणीसुद्धा चमच्यानं. राजम केस विंचरून देते तेव्हा तिला म्हणतात, "घट्ट बांध. भागूला विस्कटलेलं आवडत नाही." मला कधीपासून आवडत नाही? लहानपणी माझेच केस या ओढून ओढून बांधायच्या. सोवळं करायचं म्हणून न्हावी बोलावला होता, तेव्हा दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या. सव्वीस वर्षांची सून, सासऱ्यांपुढे! आई आतल्या खोलीत थरथरत होती. तिच्यात ती हिंमत नव्हती.

सगळं आठवतं. त्याचाच त्रास होतो. एखाद्या माणसावर धड रागावताही येऊ नये!

८ जानेवारी १९५८

सकाळी स्वच्छ शुद्धीवर होत्या. बाकीची आत होती. माझं मनगट धरलं, जोर काहीच नाही. "भागू, एक सांगायचं अहे तुला. नेणार होते बरोबर. पण अत्तां वाटतं, सांगावं."

मी म्हटलं, "बोलू नका वैनी. दम लागेल. पाणी देऊ?"

त्यांनी मनगट सोडलं. मग म्हणाल्या, "दे."

११ जानेवारी, शनिवार

सकाळी सव्वानऊला गेल्या. सातचं इंजेक्शन वेळेवर दिलेलं होतं. दुखत नव्हतं, याची खात्री मी देते. हात माझ्या हातात होता. कान सगळ्यांच्या शेवटी झोपतात म्हणून कानाशी बोलत राहिले. मी आहे, इथंच आहे, प्राणेश आहे, राजम आहे. जे म्हणायचं होतं ते सोडून सगळं म्हटलं.

मला वाढवलेली बाई गेली. आईपेक्षा जास्त आई. आता मला भागू म्हणणारं कुणी उरलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

काल तेरावा झाला. आज शपथ मोडते.

बोलल्या होत्या. ईथरखाली, सात म्हटल्यानंतर. माझ्याशी नाही, आईशी. "तार केली अहे, सासूबाई. भागू निघाली अहे. येते अत्तां." पुन्हा पुन्हा तेच. मग रडत — "नाही हो केली तार. सहा दिवस तुम्मी तिला हाका मारल्यात, ओरडलात दुखण्यानं, आणि मी खोटं सांगत राह्यले. पोरीची परीक्षा होती. ती बुडाली असती तर तिला दुसरं काय होतं?"

आई झोपेत गेली नव्हती. सहा दिवस मला हाका मारत गेली.

आणि "ऐकलं वैनी, कळलं मला" हे मी अकरा आठवडे म्हटलं नाही. त्या स्वतः सांगायला निघाल्या तेव्हा मी पाणी विचारलं.

त्या परीक्षेत मी पहिली आले होते.